मेजाचा बिल्ला

"मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

शनिवारची दुपार. बंगळूरच्या छावणी भागातल्या एका प्रार्थनामंदिरामागची लहान खोली. टेबलामागे पंत बसलेले. टेबलावर टिनचे बिल्ले, कोटाच्या बटणाएवढे, प्रत्येकावर ठोकून उठवलेला क्रूस. टेबलासमोर आमची रांग. मी तिसरा.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"काय खोटं?"

"जात खोटी सांगितली."

"कोणती सांगितलीस?"

"मराठा."

रांगेत कोणीतरी हसलं. पंत हसले नाहीत.

"आणि आहेस कोण?"

मी टेबलावरच्या बिल्ल्यांकडे पाहिलं.

"खरं बोलायला आलास ना? मग बोल."

"महार."

"मोठ्यानं."

"महार."

पंतांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता रांगेला उद्देशून म्हणाले, "ख्रिस्तात कोणी महार नाही आणि कोणी ब्राह्मण नाही. हे ज्याला उमगलेलं नाही, तो असलं खोटं बोलतो." माझ्यासाठी पुढे केलेला बिल्ला त्यांनी दोन बोटांनी परत आपल्याकडे ओढला. "पुढच्या महिन्यात बघू. उपास कर."

मी सव्वीस वर्षांचा होतो. एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हे माझं काम. आपली चूक महिन्यातून एका शनिवारी रांगेत उभं राहून सांगायची, हा आमच्या मंडळीचा नियम.

नियम असा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला प्रभुभोजन, म्हणजे त्याच्या स्मरणार्थ मेजावरची भाकर आणि द्राक्षारस वाटून घेणं. त्याच्या आदल्या दिवशी तयारीची सभा. प्रत्येकानं मंडळीच्या वडीलधाऱ्यापुढे, म्हणजे पंतांपुढे, महिन्याभराचं पाप कबूल करायचं. ज्याचा पश्चात्ताप खरा वाटेल, त्याला बिल्ला मिळायचा. तो दाखवला की रविवारी मेजापर्यंत जाता यायचं. बिल्ला नसलेला माणूस दाराजवळच्या बाकावर बसायचा. तो बाक कशाचा आहे, हे लहान पोरांनाही माहीत होतं. ही पद्धत गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांच्या देशातून आणली होती. ते गेले. बिल्ले राहिले. पाळक महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे, भाकर मोडायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. बाकी सगळं पंतांच्या हातात.

पंतांचे आजोबा ब्राह्मणपण सोडून ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या भावांनी त्यांचं श्राद्ध घातलं, ते जिवंत असताना. हे खरं आहे, आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण तीन पिढ्यांनंतरही मंडळी त्यांना पंतच म्हणायची. माझे आजोबाही त्याच सुमाराला ख्रिस्ती झाले, बेळगावकडच्या एका महारवाड्यात. तीन पिढ्यांनंतर आमचंही काही पुसलं गेलं नव्हतं. फरक इतकाच, की त्यांचं आदरानं उच्चारलं जायचं आणि आमचं रांगेत उभं करून.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. मेजावर प्याले दोन असत. एक चांदीचा, तो पुढच्या चार बाकांसाठी. दुसरा पांढऱ्या इनॅमलचा मग, निळ्या काठाचा, तो त्यामागच्यांसाठी. जातीचं नाव कोणी कधी घेतलं नाही. चांदीचा प्याला लहान आहे, सगळ्यांना पुरत नाही, असं सांगितलं जायचं. पुढच्या चार बाकांवर कोण बसायचं, हेही कोणी ठरवलेलं नव्हतं. ते ठरलेलं होतं.

माझं खोटं सुरू झालं ते एका शब्दानं. राज्यांची पुनर्रचना होऊन एक-दोन वर्षं झाली होती. बेळगाव म्हैसूर राज्यात आलं, आणि मी नोकरीसाठी बंगळुरात आलो. सहा ठिकाणी खोली पाहिली. सहाही ठिकाणी आधी नाव विचारलं, मग गाव, मग "कोणापैकी?" सहाही ठिकाणी मी खरं सांगितलं. सातवी खोली यशवंतपूरला, रेल्वे जंक्शनच्या पलीकडे, राधाक्कांच्या घरामागे. राधाक्कांचं मराठा घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, पण कानडीत भिजलेली. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "आमच्यातलेच का हो अण्णा?"

"हो," मी म्हणालो.

"सरी. मग विचारायचं काय त्यात. या, स्वल्प कॉफी घ्या."

त्या एका शब्दामागे रोज नवे शब्द लागू लागले. देवक कोणतं, कुळ कोणतं, मामाकडचे कुठले. गणपतीला आरतीला उभं राहणं. रविवारी उपासनेला जाताना मी पवित्र शास्त्र भाजीच्या पिशवीत तळाला घालून न्यायचो. म्हणून येताना भाजी आणणं भाग होतं. हंगामात अवरेकाईच्या शेंगा वर पसरून घरी यायचो. राधाक्का शेजारणीला सांगायच्या, "आमचे अण्णा भाजीला गेले की तीन तास. एकेक शेंग कानाशी धरून बघत असतील." मीही हसायचो.

खोलीत आलो की गुडघे टेकायचो. हे मी दिखाव्यासाठी लिहीत नाही. मला ते पाप खरोखर सुटायला हवं होतं. पंतांनी सांगितलेले उपास केले. गीतांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर प्रतिज्ञा लिहिली, खाली सही केली. ती मोडली. दुसरी लिहिली. ते पान भरलं. कोणी विचारलं की उत्तर माझ्याआधी माझ्या तोंडातून बाहेर पडायचं. न्हावी विचारायचा. खानावळवाला विचारायचा. छापखान्यातला नवा जुळारी विचारायचा. मराठा. मराठा. मराठा. शनिवारी रांग. रविवारी दाराजवळचा बाक. कधी पंतांना दया आली तर बिल्ला मिळायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा बाक.

प्रार्थनेनं भागेना, तेव्हा मी माझ्या धंद्याची पद्धत वापरली. एक वही केली. कुठे खोटं बोललो, समोर कोण होतं, काय विचारलं, मी काय म्हणालो. विशेषणं नाहीत, रडणं नाही. वर्षभरानं ती वही एका बैठकीत वाचून काढली. एक गोष्ट प्रत्येक नोंदीत सारखी होती. न विचारता मी एकदाही खोटं बोललो नव्हतो. प्रश्न विचारणाऱ्याचं पाप त्या वहीत कुठेच नव्हतं. त्याला कोणत्याच शनिवारी रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

हे कळूनही मी बदललो नाही. कळणं आणि सुटणं यांत अंतर असतं.

मग आई आली.

गावाकडे तिला दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी छाती तपासून मला बाजूला घेतलं आणि हृदय मोठं झालंय, जपा, असं सांगितलं. त्यांचा चेहरा मी वाचला. आईनं माझा वाचला. तिनं एकच गोष्ट मागितली. पुनरुत्थानाच्या रविवारी माझ्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायचं. "तुझा बाप असता तर तिघं बसलो असतो," ती म्हणाली. "आता दोघं तरी बसू."

तिला यशवंतपूरला आणायच्या आदल्या दिवशी मी तिला जे सांगितलं, ते आता लिहितो. हे मी पंतांना कधी सांगितलं नाही. त्या वहीतही नाही. तेव्हा ते मला पाप वाटलंच नव्हतं.

आईची भाषा तोंड उघडताच आमचा वाडा सांगायची. म्हणून मी म्हणालो, "आई, तिथे कोणाशी बोलू नकोस. मी त्यांना सांगेन, तुला ऐकू येत नाही."

"म्हंजे मी भैरी व्हायचं?"

"थोडे दिवस."

"मागं सरकारी दवाखान्यात गेल्ते तवा डाक्टरनं लांबनंच तपासलं. तवा बी मी बोलले व्हते. आन् पोराच्या घरात भैरी व्हायचं."

पण ती झाली. चार महिने झाली. ती बाई आमच्या गावच्या उपासनेत गीत धरायची. तिच्या आवाजानं पेटी झाकून जायची. यशवंतपूरच्या त्या खोलीत ती दार लावून, ओठ न हलवता, नाकातल्या नाकात गीत गुणगुणायची. राधाक्का दुपारी येऊन तिच्याजवळ बसायच्या, शेंगा सोलायच्या आणि सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगायच्या. बहिऱ्या बाईपुढे बोलायला त्यांना बरं वाटायचं. आई खाली मान घालून शेंगा सोलायची. संध्याकाळी मला म्हणायची, "बाई वाईट न्हाई. सून बी वाईट न्हाई. तुझंच कायतरी बिगाडलंय."

पुनरुत्थानाच्या सणाला दोन आठवडे राहिले असताना पंतांनी मला घरी बोलावलं. मंडळीच्या वर्धापनाची पुस्तिका छापायची होती. मुद्रितं मी फुकट तपासायचो. एरवी मी त्यांच्या व्हरांड्यात बसून काम करायचो. त्या दिवशी पाऊस तिरका येत होता, म्हणून आत बोलावलं. दिवाणखान्यात त्यांचे पुण्याचे एक दूरचे भाऊ बसलेले होते. ते ख्रिस्ती नव्हते. तीन पिढ्यांनंतर त्या घराशी पहिल्यांदाच येणं-जाणं सुरू झालं होतं, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. पंतांना त्याचा आनंद लपवता येत नव्हता.

पंतांच्या बाईंनी आतून कॉफी पाठवली. एका तबकात तीन पेले, तिन्ही सारखे. मी एक उचलला. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आपला पेला तबकातच राहू दिला, आणि पंतांना विचारलं, "हे कोणापैकी?"

मी तोंड उघडलं नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. मी तोंड उघडलं नव्हतं.

"मराठ्यांचा मुलगा," पंत म्हणाले. "बेळगावकडचा. चांगल्या घरातला." मग माझ्याकडे वळले. "हो ना रे?"

"हो," मी म्हणालो.

पाहुण्यांनी पेला उचलला.

काम संपल्यावर पंत मला फाटकापर्यंत सोडायला आले. एरवी कधी येत नसत. आवाज खाली आणून म्हणाले, "प्रसंग तसा होता. समजून घे. आणि हे बघ, याची कबुली द्यायची काही गरज नाही. ते माझ्यावर सोड."

यशवंतपूरपर्यंत मी सायकल हातात धरून चालत आलो. राग आला असं म्हणणं अपुरं आहे. सहा वर्षं मी ज्या खोट्यासाठी गुडघे टेकले, ते खोटं या माणसानं कॉफीच्या एका घोटासाठी बोलून टाकलं, आणि पुसूनही टाकलं. त्याला उपास नाही, बाक नाही. माझ्या पापाचा न्यायाधीश तेच पाप घरी दिवाणखान्यात ठेवतो, आणि गरज पडली की मला त्यात साक्षीदार करतो. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या जिभेवर जी लाज बसली होती, ती राधाक्कांनी बसवली नव्हती. ती मला इनॅमलच्या मगानं शिकवली होती. प्रार्थनेसकट.

आणि मग आई दिसली. दाराशी बसलेली, ओठ मिटून. तीच लाज मी तिला शिकवली होती. माझ्याही हातात एक मग होता.

तयारीच्या सभेला आईला घेऊन गेलो. तिला बाकावर बसवलं. तिनं आपली कबुली आधीच देऊन बिल्ला घेतला होता. पंतांनी तिला फार विचारलं नाही, म्हातारी म्हणून. तो बिल्ला ती पदराच्या गाठीत धरून बसली होती. मग माझी पाळी आली.

"या महिन्यात?" पंतांनी विचारलं.

"एकदा खोटं बोललो."

"एकदाच? सुधारणा आहे." रांगेत हलकं हसू. "कुठे?"

"तुमच्या दिवाणखान्यात."

हसू थांबलं.

"पाहुण्यांनी माझी जात विचारली. मराठा असं तुम्ही सांगितलंत. हो ना रे, असं मला विचारलंत. मी हो म्हणालो. तेवढं माझं. बाकीचं तुमचं."

पंतांचा चेहरा लाल झाला नाही की पांढरा पडला नाही. त्यांनी फक्त एक बिल्ला उचलला आणि माझ्यापुढे सरकवला. "घे. प्रभू क्षमाशील आहे. पुढचा ये."

मी हललो नाही.

"घे म्हटलं ना. आईला तुझ्या शेजारी बसायचंय, मला माहीत आहे."

मेजापुढची जागा मला हवी होती. आईच्या शेजारची. त्यासाठी मी सहा वर्षं उभा होतो, आणि आता ती मला गप्प बसण्यासाठी दिली जात होती.

"तुम्हाला बिल्ला कोण देतं?" मी विचारलं.

"काय?"

"दर महिन्याला तुम्ही मेजाशी जाता. तुमची कबुली कोण घेतं?"

रांगेतून कोणी हसलं नाही. पंत म्हणाले, "उद्धटपणा हेही पाप आहे."

"असेल. पण ते मी पहिल्यांदाच करतोय."

बिल्ला टेबलावर ठेवून मी बाहेर आलो. आई मागोमाग आली, धापा टाकत. मला वाटलं होतं, तिला अभिमान वाटेल. ती चिडली होती.

"माझा बिल्ला मी टाकणार न्हाई," ती म्हणाली. "आधीच सांगते."

"मी टाक म्हटलं का?"

"तुला टाकायचा तर टाक. मेज त्येच्या बापाचं हाय व्हय? मी जाणार."

रविवारी ती गेली. मी दाराजवळच्या बाकावरही बसलो नाही. उघड्या दारात उभा राहिलो. मेजाकडे यायची सूचना झाली तशी आई उठली आणि मागच्या बाकांकडे न वळता सरळ पुढे चालत गेली. पहिल्या बाकाच्या टोकाला बसली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात बिल्ला. पंत वाकून तिला म्हणाले, "बाई, मागे."

आईनं समोर पाहिलं.

"बाई, मागच्या बाकावर."

आईनं समोर पाहिलं. चार महिन्यांचा सराव होता तिला.

पंतांनी आवाज चढवला. सबंध मंदिरानं ऐकलं. आईनं ऐकलं नाही. बाहेरगावचे पाळक चांदीचा प्याला घेऊन खाली उतरले होते. त्यांना बाकांचा हिशेब माहीत नव्हता, किंवा माहीत नसल्याचं त्यांनी दाखवलं. त्यांनी प्याला तिच्यापुढे धरला. आई सावकाश प्यायली. मग प्याल्याचा काठ पदरानं पुसून शेजारच्या बाईकडे दिला. ती पंतांची बायको होती. तिनं तो घेतला. ओठांना लावला की नाही, ते मला दारातून दिसलं नाही. म्हणून लिहीत नाही.

त्या दिवशी येताना मी भाजी आणली नाही. शास्त्र हातात उघडं धरून राधाक्कांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आम्ही ख्रिस्ती आहोत. महार आहोत. आईला नीट ऐकू येतं. आईकडे वळून मी म्हणालो, "तुला मी बहिरी केलं. चूक माझी."

राधाक्कांना पहिला धक्का कशाचा बसला, तो मी विसरणार नाही. "म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं? सुनेचं सगळं?"

"ऐकलं," आई म्हणाली. राधाक्कांपुढे तिचा तो पहिला शब्द. "कुणाला सांगितलं न्हाई."

मग दुसरा धक्का पोचला. राधाक्का आत गेल्या, ज्या पेल्यातून मला कॉफी द्यायच्या तो आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवला. "हा तुमच्याकडेच राहू दे. महिनाअखेर खोली सोडा अण्णा." अण्णा म्हणायच्या थांबल्या नाहीत. पेला तेवढा बाहेर ठेवला. पण त्यांनी तो ठेवला तेव्हा तोंडानं प्रार्थना म्हटली नाही. एवढा फरक मी त्यांच्या बाजूनं नोंदवतो.

आम्ही जंक्शनजवळच्या चाळीत गेलो. पत्र्याचं छप्पर, एक खोली. तिथेही विचारणार होतेच. मी विचारायच्या आधी सांगितलं. आई त्या खोलीत पाच महिने जगली आणि मोठ्यानं गायली. शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. ती थांबायची नाही.

पाप सुटलं का, असं मला मंडळीतले काही जण अजून विचारतात. खरं सांगतो. तो शब्द अजून जिभेवर येतो. नवा माणूस भेटला, त्यानं गावावरून सुरुवात केली, की तो आतून वर चढतो. मी त्याला तिथेच दाबतो आणि दुसरा शब्द बाहेर काढतो. रोज नाही, पण अजूनही. तेवढं माझं काम आहे आणि ते मी मरेपर्यंत करीन.

शनिवारच्या त्या रांगेत मात्र मी परत उभा राहिलो नाही. माझी कबुली मी देवापुढे देतो आणि जिचा अपराध केला तिच्यापुढे दिली. पंतांपुढे देणार नाही. पहिल्या रविवारी मी मंदिरात जातो. बिल्ल्याशिवाय जातो. पहिल्या बाकावर बसतो. माझ्यासाठी म्हणून इनॅमलचा मग पहिल्या बाकावर आणला जातो; तो मी पुढे सरकवत नाही, खाली जमिनीवर ठेवतो. आणि मेजावर सगळ्यांसाठी एकच प्याला राहत नाही, तोवर उठत नाही.